शेवाळलेलें काँक्रीट

सिमेंट-काँक्रीट ही दगडासारखी निर्जीव, कोरडी आणि अक्षय्य वस्तु आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. मातीच्या भिंतीला दरवर्षीं लिंपण लागतें, लाकडाला वाळवी लागते, कौलें फुटतात. पण काँक्रीट एकदां ओतलें कीं पुढल्या पिढीपर्यंत त्याकडे पाहावयास नको, असें घर बांधणारालाहि वाटतें आणि घरांत राहणारालाहि वाटतें. दोन-तीन पावसाळे गेले म्हणजे ही समजूत आपोआप ढासळते. अंगणांतल्या कोब्यावर हिरवी साय धरते, गच्चीच्या कठड्यावरून काळे ओघळ उतरूं लागतात, मागल्या दाराच्या पायऱ्या बुळबुळीत होतात. आणि श्रावणांतल्या एखाद्या सकाळीं घरांतलें वडील माणूस तुळशीला पाणी घालावयास निघतें, तें पाय घसरून खुब्याचें हाड मोडून घेतें. मग सर्वांचें लक्ष त्या शेवाळाकडे जातें. घाईघाईनें बाजारांतून ॲसिडची बाटली येते, फेंस उठतो, डाग जातो, आणि पुढल्या आषाढांत त्याच जागीं पहिल्याहून दाट शेवाळ उभें राहतें.

असें कां होतें, हें समजून घेण्यास परभणी जिल्ह्यांतील येलदरी हें ठिकाण फार उपयोगाचें आहे. अजिंठ्याच्या डोंगरांतून निघून गोदावरीला मिळणारी पूर्णा नदी जिंतूर तालुक्यांतील या गांवाजवळ अडविलेली आहे. १९६८ सालीं हें धरण पुरें झालें. त्याच्या पायथ्याच्या विद्युत्‌गृहांत साडेसात मेगॅवॅटचे तीन संच आहेत. भोंवतालचा मुलूख मात्र कोंकणासारखा पाणथळ नाहीं. मुंबईला वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परभणीच्या वांट्याला त्याच्या निम्म्याहूनहि कमी येतो. वर्षांतले सात-आठ महिने येथील हवा कोरडी, आणि वैशाखांत तर काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इतक्या कोरड्या मुलखांत शेवाळाला थारा कोठून मिळावा? परंतु कोणत्याहि धरणाच्या परिसरांत पाहिलें तर थारा मिळालेला दिसतोच. जेथें पाण्याचे तुषार उडतात, जेथें चर वाहतात, जेथें भिंतीच्या पायथ्याशीं ओल झिरपत राहते, तेथें भर उन्हाळ्यांतहि हिरवा पट्टा असतो. आणि त्याच्यापासून चार हात दूर, तशाच बांधकामावर, तशाच हवेंत, त्याचा मागमूसहि नसतो.

यावरून पहिला सिद्धान्त निघतो. शेवाळ किती वाढेल, हें पाऊस किती पडतो यावर ठरत नाहीं; पृष्ठभागावर ओल किती वेळ टिकते यावर ठरतें. तासाभरांत निथळून वाळणारी गच्ची मुंबईसहि स्वच्छ राहूं शकते, आणि टांकीच्या गळत्या तोटीखालचा ओटा परभणीसहि हिरवा होतो. धरणाची देखरेख करणारे अभियंते ही गोष्ट पक्की जाणतात. बांधाच्या खालच्या अंगाला एखादी नवी हिरवी रेघ उमटली, अथवा पांढऱ्या क्षाराचा ओघळ दिसूं लागला, तर ते तिला केवळ घाण समजत नाहींत. आंतून पाणी कोठून तरी वाट काढीत असल्याची ती खूण असूं शकते. म्हणून तिची जागा टिपून ठेवावयाची, ती वाढते कीं आटते हें पाहावयाचें, आणि मगच पुढचें ठरवावयाचें, असा तेथील शिरस्ता असतो. घरोघरच्या मंडळींनीं या शिरस्त्यापासून पुष्कळ घेण्यासारखें आहे. डाग पुसण्यापूर्वीं तो वाचावा, हें त्याचें सार होय.

वाचावयाचा तर डाग कोणाचा, हें आधीं ओळखलें पाहिजे. सामान्यतः या सगळ्याला ‘बुरशी’ असें एकच नांव दिलें जातें, पण तें बरोबर नाहीं. हिरवी, बुळबुळीत साय असते ती शैवालांची. हे अतिसूक्ष्म वनस्पतिवर्गी जीव पानांप्रमाणेंच सूर्यप्रकाशांत आपलें अन्न तयार करतात. त्यांना पाणी, हवा, उजेड आणि धुळींतले चिमूटभर क्षार एवढें पुरतें. त्यांच्या पेशींभोंवतीं जो चिकट लुकण असतो, त्यामुळेंच पाय घसरतो. कोंकणांत कांहीं भिंतींवर नारिंगी किंवा विटकरी रंगाचे मखमली पट्टे दिसतात. तो गंज नव्हे. तेंहि एक हिरवें शैवालच असतें, पण गाजराला रंग देणाऱ्या जातीचीं रंगद्रव्यें त्याच्या अंगांत इतकीं सांचतात कीं त्याचा हिरवेपणा झांकून जातो.

भिंतींवरची आणि कठड्यांवरची काळोखी ही याहूनहि नवलाची आहे. ती काजळी नव्हे, आणि बहुधा बुरशीहि नव्हे. आपल्याकडील उघड्या भिंतींवर ती मुख्यतः नीलहरित शैवालांची असते. नांवांत शैवाल असलें तरी हे जीव खरे पाहतां जंतूंच्या कुळांतले, आणि पृथ्वीवरील अत्यंत जुन्या रहिवाशांपैकीं आहेत. उन्हांतील अतिनील किरणांपासून बचाव व्हावा म्हणून ते आपल्या आवरणांत तपकिरी रंगाचें एक द्रव्य सांठवितात. उन्हानें आपली त्वचा रापते, तशांतलाच हा प्रकार. थरावर थर चढले म्हणजे भिंत काळी दिसूं लागते. उन्हाळा आला कीं हे जीव वाळून कोळ होतात, पण मरत नाहींत. वळिवाची पहिली सर अंगावर पडतांच थोड्याच वेळांत पुन्हां फुगून कामाला लागतात. चैत्रांत खरवडून काढलेली काळोखी भाद्रपदांत परत कां येते, याचें उत्तर येथें आहे. वरचा पापुद्रा गेला तरी छिद्रांत बसलेले धागे जिवंतच राहिलेले असतात.

खरी बुरशी स्वतःचें अन्न स्वतः करूं शकत नाहीं. ती कुजलेला पाला, पक्ष्यांची विष्ठा, तेलकट धूळ, जुना रंग, किंवा मेलेलें शैवाल यांवर जगते. म्हणून ती बहुधा शैवालाच्या मागून येते. कांहीं ठिकाणीं बुरशी आणि शैवाल यांचा कायमचा संसार जमतो. शैवालानें अन्न करावें, बुरशीनें घर आणि ओलावा द्यावा, अशा भागीदारींतून दगडफूल जन्माला येतें. गोड्या मसाल्यांत पडणारें दगडफूल गृहिणींच्या नित्य परिचयाचें आहे. जुन्या कठड्यांवर करड्या-पिवळ्या चकत्या दिसतात त्या त्याच्याच दूरच्या भावंडांच्या. मसाल्यांत हें कुटुंब कितीहि सुगंधी असलें तरी चुन्याशीं त्याचें वैर आहे. त्याच्यांतून स्रवणारीं सौम्य आम्लें काँक्रीटमधला चुना हळूहळू कुरतडतात आणि त्याचे तंतु बारीक भेगांत शिरतात. सर्वांत शेवटीं सांध्यांत साठलेल्या धुळीवर मखमलीसारखी हरिता उगवते. ती स्पंजाप्रमाणें पाणी धरून ठेवते, आणि त्या ओलीवर एखाद्या पिंपळाचें बीं रुजलें म्हणजे क्रम पुरा होतो.

मग नवें काँक्रीट पहिलीं एक-दोन वर्षें स्वच्छ कसें राहतें? त्याचें कारण त्याच्या अंगच्या चुन्यांत आहे. जोसेफ ॲस्पडिन या इंग्लंडांतील गवंड्यानें १८२४ सालीं ज्या पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें, आणि आपल्या देशांत १९१४ सालीं पोरबंदर येथें ज्याचें उत्पादन सुरू झालें, तें सिमेंट पाण्याशीं संयोग पावतांना कळीच्या चुन्यासारखा दाहक चुना मोकळा होतो. आम्ल-अल्कता मोजण्याच्या ज्या मापाला सामू म्हणतात, त्या मापावर शुद्ध पाणी ७ वर येतें, तर ताज्या काँक्रीटमधली ओल साडेबारा-तेरापर्यंत जाते. इतक्या दाहक पाण्यांत शैवालाचा टिकाव लागत नाहीं. परंतु हवेंतला कार्बन-डाय-ऑक्साइड रोज थोडा थोडा या चुन्याला खाऊन त्याची खडूसारखी सौम्य पांढरी माती करीत असतो. वरच्या पातळ थराचा सामू ९ च्या आसपास उतरला कीं दार उघडें होतें. मालांत पाणी फाजील घातलेलें असेल, किंवा नव्या कोब्याला पुरते दिवस पाणी मारलें नसेल, तर पृष्ठभाग सच्छिद्र राहतो, ओल अधिक मुरते, आणि हें दार लवकर उघडतें.

मराठवाड्याच्या लोकांना या बाबतींत एक जुना धडा ठाऊक होता. धाब्याच्या घरांवर मातीचें सपाट छत असे. मृगापूर्वीं त्यावर नवी पांढरी माती चढवावयाची, ती दाबून बसवावयाची, पन्हळी मोकळ्या करावयाच्या, उगवलेलें गवत उपटावयाचें, हें काम दरवर्षींचें. तें टाळलें तर पहिल्याच झडींत माती घरांत येई, म्हणून कोणी टाळीत नसे. काँक्रीटचा स्लॅब आला आणि हा धाक गेला. स्लॅब लगेच गळत नाहीं, दहा-पंधरा वर्षें सोसतो. त्यामुळें वर्षांतून एकदां छतावर चढून डोळे उघडे ठेवून पाहण्याची संवयच मोडली. शेवाळाचा प्रश्न हा पुष्कळ अंशीं या मोडलेल्या संवयीचा प्रश्न आहे.

तेव्हां पहिलें काम हातांत ब्रश घेण्याचें नाहीं. पाणी कोठून येतें हें शोधण्याचें आहे. पाऊस थांबल्यावर दोन तासांनीं गच्चीवर फेरी मारावी. जेथें अजून डबकें असेल तेथें उतार चुकलेला आहे. पाणी आपोआप पन्हळीकडे जावें यासाठीं निदान शंभर हातांस एक हात इतका उतार लागतो. पावसाशीं संबंध नसतांना कोठें हिरवें दिसलें तर वरून कांहीं गळत आहे असें समजावें. टांकी भरून वाहत असेल, नळाचा सांधा सुटला असेल, हवा थंड करणाऱ्या यंत्राची नळी भिंतीवर ठिबकत असेल. कठड्याच्या माथ्यावरून काळे ओघळ उतरत असतील तर माथ्याचा उतार बाहेरच्या अंगाला झाला आहे. तो आंतल्या अंगाला करून घेतला, आणि बाहेर आलेल्या कडेच्या खालीं एक बारीक खांच ठेवली, तर थेंब भिंतीवर न उतरतां तेथेंच सुटून पडतात. उत्तरेची भिंत, दाट झाडाची सावली, सामानामागें कोंडलेला कोपरा, येथें ओल वाळावयास वेळ लागतो. फांद्या थोड्या छाटल्या, कुंड्या विटांवर उचलून ठेवल्या, पालापाचोळा झाडला, एवढ्यानेंच पुष्कळ वेळां निम्मा रोग बरा होतो.

हें झाल्यावर सफाई. शेवाळ कोरडें असतांना खरवडूं नये. त्याची पूड हवेंत उडते, बुरशीचे बीजाणु नाकातोंडांत जातात, आणि घरांत दम्याचें माणूस असेल तर त्याला तो दिवस जड जातो. प्रथम जागा पाण्यानें चांगली भिजवावी. काळोखी जुनी व वाळलेली असेल तर काम सुरू करण्यापूर्वीं कांहीं तास तिला ओली राखावी. वाळून निद्रित झालेल्या जीवावर औषध चालत नाहीं. ओलीनें फुगून जागा झाला म्हणजे तो पाण्याबरोबर औषधहि शोषून घेतो. मग खराट्यानें किंवा ताठ काथ्याच्या ब्रशानें सुटेल तेवढा थर काढून भरून टाकावा. कोवळ्या हिरव्या शेवाळाला पुष्कळदां पाणी, ब्रश आणि मूठभर धुण्याचा सोडा एवढेंच पुरतें. मनगटाला थोडे श्रम पडतात, पण काँक्रीटला कसलीहि इजा होत नाहीं.

एवढ्यानें न भागल्यास ब्लीचिंग पावडर वापरावी. चार्ल्स टेनंट यानें १७९९ सालीं ग्लासगो येथें हिचें पेटंट घेतलें, तें कापड पांढरें करण्यासाठीं. पुढें हीच पावडर विहिरी निर्जंतुक करण्यास खेडोपाडीं पोहोंचली. ताज्या पावडरींत सुमारें एक-तृतीयांश उपयुक्त क्लोरीन असतो. उघडी राहिली, ओल लागली कीं तो उडून जातो व नुसता चुना उरतो. दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम ताजी पावडर प्लॅस्टिकच्या बादलींत ढवळावी, गाळ खालीं बसूं द्यावा, आणि वरची निवळ घ्यावी. तिच्यांत शेंकडा एक इतका क्लोरीन येतो व बाहेरच्या पृष्ठभागांस तो पुरेसा आहे. गाळासकट ओतल्यास फरशीवर पांढरे डाग राहतात. बाजारांत मिळणारें द्रवरूप ब्लीच शेंकडा चार-पांच शक्तीचें असलें तर त्याच्या एका भागाला चार भाग पाणी घालावें. ही निवळ ओलसर जागेवर पसरून दहा-पंधरा मिनिटें ठेवावी, वाळूं देऊं नये, नंतर घांसून भरपूर पाण्यानें धुवून काढावी. हातांत रबरी मोजे, पायांत पादत्राण आणि डोळ्यांवर चष्मा असावा. काम सकाळीं, ढगाळ वेळीं, वाऱ्याकडे पाठ करून करावें. कडक उन्हांत द्रावण काम करण्यापूर्वींच वाळतें.

येथें एक इशारा मोठ्या अक्षरांत लिहून बादलीजवळ लावण्यासारखा आहे. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधींहि एकत्र येऊं देऊं नयेत. एकानें डाग गेला नाहीं म्हणून त्यावरच दुसरें ओतावें, असा मोह पुष्कळांस होतो. तसें करतांच क्लोरीन वायु सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजीं ईप्र येथील रणांगणावर जर्मन सैन्यानें जो हिरवट-पिवळा वायु सोडला, तो हाच. तो हवेहून जड असल्यानें बंदिस्त मोरींत किंवा जिन्याखालीं सांचून राहतो आणि फुफ्फुसांतील नाजुक त्वचा जाळतो. अमोनिया असलेलें कांच पुसण्याचें द्रव्य ब्लीचमध्यें मिसळलें तरीहि विषारी वाफा निघतात. कोंदट, झोंबणारा वास आला तर काम टाकून तत्काळ मोकळ्या हवेंत जावें. खोकला अथवा दम थांबेना तर वैद्यकीय मदत घेण्यास विलंब करूं नये. दोन बाटल्या घरांत असल्याच तर त्या दोन निराळ्या कपाटांत, मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्यात.

वास्तविक काँक्रीटवर ॲसिड वापरण्याचें कारणच नाहीं. ॲसिड ओततांच उठणारा फेंस पाहून ‘घाण कशी उकळून निघते आहे’ असें वाटतें. पण तो फेंस घाणीचा नसून काँक्रीटमधल्या चुन्याचा असतो. सिमेंटची गुळगुळीत वरची त्वचा विरघळून जाते, वाळूचे कण उघडे पडतात, लाखों नवीं छिद्रें तयार होतात. डाग गेला तो ज्या कातडीवर होता तिच्यासकट गेला, आणि खालचा खरखरीत पृष्ठभाग पुढल्या वर्षींच्या शेवाळाला पहिल्याहून चांगलें अंथरूण झाला. शिवाय ॲसिडमधला क्लोराइडचा अंश भेगांवाटे आंत उतरून लोखंडी सळ्यांना गंज चढवितो. गंजलेली सळई फुगते व वरचा थर फोडून बाहेर येते. ब्लीचनंतरहि क्लोराइड मागें राहतोच. म्हणून तें वारंवार वापरूं नये, धुण्यांत कंजुषी करूं नये, आणि जेथें स्लॅबला तडे गेले आहेत तेथें आधीं तडे बुजवावेत. व्हिनेगर किंवा लिंबू हीं घरगुती व निरुपद्रवी वाटतात, पण तींहि आम्लेंच. त्यांचा परिणाम सावकाश होतो एवढाच फरक.

तारेच्या ब्रशाचीहि गोष्ट अशीच आहे. त्याचे तुटलेले कण फटींत राहून गंजतात आणि काळ्या डागांच्या जागीं तांबडे ठिपके येतात. जोरानें पाण्याची धार मारणारें यंत्र मोठ्या अंगणाला सोयीचें खरें, पण धार फार जवळून व सरळ मारली तर ती वरची त्वचा सोलते आणि भेगांत पाणी ठोंसते. धार तिरपी व हातभर दूर धरावी, जोर बेताचा ठेवावा. यंत्रानें थर निघतो, मुळें निघत नाहींत. तेव्हां औषधाचें काम त्यानें टळत नाहीं.

धुतलेलें पाणी कोठें जातें, याचा विचार पुष्कळदां कोणी करीत नाहीं. गच्चीवरून उतरलेलें ब्लीचचें पाणी तुळशीच्या वृंदावनांत शिरलें तर तुळस जळते. पावसाचें पाणी विहिरींत किंवा टांकींत सोडण्याची सोय असेल तर सफाईच्या दिवशीं ती नळी बंद करून ठेवली पाहिजे. जलाशयाच्या कांठीं तर हा विचार अधिकच महत्त्वाचा होतो. येलदरी आणि तिच्या खालचें सिद्धेश्वर या दोन जलाशयांवर परभणी-हिंगोली भागांतील शेती आणि शहरांचा पाणीपुरवठा यांचा मोठा भार आहे. अशा ठिकाणीं पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या सर्वांत धोक्याच्या. पावसाळ्यांत त्या बुडतात, पुढें पाणी ओसरत जाईल तशा एक एक उघड्या पडतात, आणि प्रत्येकीवर गाळ व शेवाळ यांचा निसरडा लेप असतो. तेथें घसरलेला माणूस फरशीवर पडत नाहीं, पाण्यांत पडतो. तरीहि अशा पायऱ्यांवर ब्लीच किंवा मोरचूद ओतणें योग्य नव्हे, कारण पाण्यांतल्या माशांना दोन्ही घातक आहेत. तेथें उपाय ब्रशाचा, वाळूचा आणि श्रमाचा. आणि त्याहूनहि चांगला म्हणजे पायरी बांधतांनाच तिचा माथा खरखरीत ठेवून बाजूला धरावयास दांडा बसविण्याचा.

मोरचुदाचा उल्लेख आला, त्याविषयीं दोन शब्द. तांबें हें शैवालाला फार अल्प प्रमाणांतहि सोसत नाहीं. उंच इमारतीवर विजेपासून रक्षणासाठीं लावलेल्या तांब्याच्या पट्टीखालीं काळ्या भिंतीवर कित्येकदां एक स्वच्छ रेघ उतरलेली दिसते. पट्टीवरून ओघळणाऱ्या पाण्यांतलें लेशमात्र तांबें एवढें काम करतें. मोरचूद आणि चुना यांचें बोर्डो मिश्रण १८८५ पासून द्राक्षबागांत प्रसिद्ध आहे व नाशिककडील बागायतदारांस तें चांगलें माहीत आहे. तथापि घराच्या अंगणांत मोरचूद वापरण्याची घाई करूं नये. तें निळे डाग पाडतें, उघड्या लोखंडाला खातें, आणि मातींत सांचून राहतें.

याउलट चुन्याची सफेदी ही जुनी रीत आजहि विचारांत घेण्यासारखी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास भिंतींना चुना देण्याची चाल केवळ शोभेची नव्हती. ताज्या चुन्याचा दाहकपणा शैवालाला बसूं देत नाहीं, आणि चुना भिंतीला श्वास घेऊं देतो. आंगणाच्या भिंती, कंपाउंड, गच्चीच्या कठड्याची आंतली बाजू यांना ही सफेदी स्वस्त व गुणकारी आहे. पायाखालच्या जागीं मात्र ती उपयोगाची नाहीं. जेथें उघडें काँक्रीटच ठेवावयाचें असेल तेथें सिलेन जातीचीं जलरोधक द्रव्यें मिळतात. तीं पृष्ठभागावर पापुद्रा धरीत नाहींत; छिद्रांच्या कडांना चिकटून पाणी आंत शिरूं देत नाहींत, पण आंतली वाफ बाहेर जाऊं देतात. तीं पूर्ण स्वच्छ व वाळलेल्या काँक्रीटवरच लावावयाचीं. शेवाळावरून चकाकणारा तेलरंग फासणें हा मात्र निव्वळ पैशाचा अपव्यय होय. आंतली ओल कोंडते, रंगाचे फोड येतात, आणि फोडांखालीं बुरशी सुखानें नांदते.

जुन्या इमारतींच्या बाबतींत हात आणखी हलका हवा. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर व ओव्हल मैदानाच्या कडेला तिसाव्या शतकदशकांत आणि त्याच्या आगेमागें उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या इमारतींची गणना २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत केली. त्यांचीं गोल सज्जे, पट्ट्या, उठावाचीं अक्षरें यांवरूनच पावसाचें पाणी ओघळतें व काळोखी तेथेंच दाटते. अशा कामावर ॲसिड किंवा जोराची धार मारली तर एका दिवसांत जी नक्षी झिजते ती समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानें पन्नास वर्षांतहि झिजली नसती. मऊ ब्रश, सौम्य साबण, प्रथम एका लपलेल्या कोपऱ्यावर प्रयोग, आणि जाणत्या माणसाचा सल्ला, हा तेथील मार्ग. आजोबांनीं बांधलेल्या घराच्या ओट्यालाहि हाच न्याय लावला तर बिघडणार नाहीं.

सारांश, या कामाचें वेळापत्रक अवघड नाहीं. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या झाडलोटीबरोबरच, गच्ची व अंगण यांची पहिली फेरी करावी. ओल अजून अंगांत असते, शेवाळ जागें असतें, औषध उत्तम लागतें, आणि पुढें स्वच्छ ऊन मिळतें. हिवाळ्यांत उतार, सांधे, तडे व गळत्या तोट्या दुरुस्त कराव्यात. वैशाखाच्या अखेरीस, मृगापूर्वीं, पन्हळी मोकळ्या करून पालापाचोळा काढावा. धाब्याच्या घरांत राहणारे लोक नेमके याच वेळीं छतावर चढत असत. पावसाळ्यांत फक्त पायऱ्या आणि येण्याजाण्याची वाट यांवर नजर ठेवावी, व साय धरूं लागतांच ती ब्रशानें काढावी. चार दिवसांची कोवळी साय मुलगाहि घांसून काढील; चार वर्षांच्या काळोखीला ॲसिडहि पुरें पडत नाहीं. आणि ज्या जागीं इतकें करूनहि शेवाळ पुनःपुन्हां उगवेल, तेथें अधिक जहाल औषध शोधण्यापेक्षां पाण्याची वाट पुन्हां एकदां शोधावी. ती बहुधा सांपडते. आणि ती बंद झाली म्हणजे उरलेलें काम ऊनच करून टाकतें.